बहिणीने दिलेल्या बावीस उत्तरांचे शुद्धिपत्र

प्रति,
मा. कल्याण समन्वय अधिकारी,
रुग्ण-सहभाग कक्ष, वैद्यकीय संशोधन केंद्र,
दुसरा मजला, जिन्याशेजारी.

विषय : आधार-व्यक्तीच्या रकान्यातील नोंद रद्द करणे, त्या व्यक्तीने दूरध्वनीवर दिलेली उत्तरे दुरुस्त करून घेणे, आणि दूरध्वनी बंद न करणे याबाबत.

संदर्भ : 'आधार-दूरध्वनी योजना उद्दिष्टपूर्तीमुळे समाप्त' हे आपले दि. १८ चे पत्र व सोबतचे निमंत्रण.

महोदय,

'अर्जदाराने स्वतःचा उल्लेख अर्जदार असाच करावा' ही आपल्या कार्यालयाची सूचना या अर्जात पाळली आहे. ती पाळताना अर्जदाराला मुळीच त्रास झाला नाही. स्वतःविषयी एखाद्या दुसऱ्याच बाईविषयी बोलावे तसे बोलण्याची तिला गेल्या दोन वर्षांत चांगली सवय झाली आहे. ती कशी झाली हेच सांगण्यासाठी हा अर्ज आहे. अर्ज लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

१. अर्जदाराचे वय त्रेसष्ट. एकतीस वर्षे ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. त्या कामाची रीत अशी, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसऱ्याने समोरच्या छापील कागदावर डोळ्यांत तेल घालून चुका पकडायच्या. अर्जदाराचे जोडीदार म्हणजे नाना. त्यांचा आवाज जाड होता आणि नाक बाराही महिने चोंदलेले असे. नाना निवृत्त झाल्यावर मालकांनी त्यांच्या जागी माणूस घेतला नाही. पुढली नऊ वर्षे अर्जदाराने दोन्ही कामे एकटीने केली. नानांच्या जाड आवाजात एक ओळ वाचायची आणि आपल्या आवाजात 'बरोबर' म्हणायचे. यंत्रावरची मंडळी सुरुवातीला हसली, मग त्यांच्याही ते अंगवळणी पडले. ही माहिती विषयाला सोडून वाटेल, पण पुढे ती लागणार आहे.

२. अर्जदाराला चौदा वर्षांपासून संधिवात आहे. बोटे सकाळी दोन-अडीच तास मिटत नाहीत आणि एकदा मिटली की उघडायला तयार नसतात. आपल्या केंद्राच्या मुख्य संशोधक डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या वेळी एक प्रश्नावली पुढे ठेवली आणि 'रुग्णाच्या नजरेतून जरा बघाल का?' असे विचारले. अर्जदाराने पर्समधले लाल पेन काढले. पहिलाच प्रश्न होता, 'आपण बरे आहात का?' तो तिने खोडला. कारण विचारल्यावर तिने सांगितले, की या प्रश्नाला माणूस फक्त हो म्हणतो. शेजाऱ्याला हो म्हणतो, दूधवाल्याला हो म्हणतो, डॉक्टरांनाही हो म्हणतो आणि घरी जाऊन कण्हत बसतो. त्यापेक्षा 'काल कोणते काम अर्धवट सोडावे लागले?' असे विचारावे. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात मारून म्हटले, 'हेच तर आम्हाला कुणी सांगत नव्हतं!'

त्या दिवशी अर्जदार चालत घरी गेली. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी तिच्या लाल पेनाची कुणाला तरी गरज पडली होती. रुग्ण-सहभागी होण्याचा अर्ज तिने त्याच आठवड्यात भरला.

३. त्या अर्जात 'आधार-व्यक्ती' असा रकाना होता. बैठकीत आपले दुखणे सांगताना सहभागी व्यक्तीला त्रास होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कार्यालय तिच्या जवळच्या माणसाला फोन करून तिची विचारपूस करील, अशी ती योजना. योजना चांगल्या मनाने केली आहे याबद्दल अर्जदाराला शंका नाही. तिने रकाना कोरा ठेवला. अर्ज लाल वर्तुळ घेऊन परत आला. तिने 'लागू नाही' असे लिहिले. तो 'लागू आहे' असा शेरा घेऊन परत आला. तिसऱ्या खेपेला सोबत चिठ्ठी होती, की रकाना अपूर्ण राहिल्यास सहभाग मंजूर होणार नाही.

तेव्हा अर्जदाराने हात टेकले. स्वतःच्या नावापुढे मोबाइलचा नंबर दिलाच होता. आधार-व्यक्तीच्या रकान्यात तिने 'थोरली बहीण' असे लिहिले आणि घरातल्या जुन्या, तारेच्या फोनचा नंबर दिला. अर्ज चार दिवसांत मंजूर झाला.

अर्जदाराला बहीण नाही. कधीच नव्हती. भाऊही नाही. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. एकुलती मुलगी दूरच्या शहरात असते. ती कामाच्या धबडग्यात असते आणि फोनवर 'आई, तू बरी आहेस ना?' असे विचारते. त्याला काय उत्तर मिळते ते वर आलेच आहे.

४. आता कडीविषयी. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आजाराचा एक अनुभव सांगायचा होता. अर्जदाराने न्हाणीघराच्या कडीची हकिकत सांगितली. एका सकाळी तिने आतून कडी लावली आणि मग बोटांनी ती सरकेना. ओरडून उपयोग नव्हता, कारण घरात कुणी नव्हते. ती चार तास उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून राहिली. अखेर साबण लावून, मनगटाने रेटून कडी निघाली. कुणीतरी लिहून घेतले. मग चहा आला आणि पुढचा विषय निघाला.

ही हकिकत गाजली. पुढच्या बैठकीला नवे संशोधक आले तेव्हा 'तो कडीचा किस्सा सांगा ना' अशी फर्माईश झाली. त्यापुढच्या बैठकीला पाहुणे होते, तेव्हाही झाली. अर्जदाराने हा किस्सा आजवर एकोणीस वेळा सांगितला आहे. सांगताना तो किस्सा असतो. घरी आल्यावर ती पुन्हा कडी होते, आणि न्हाणीघरात जायचे अर्जदाराच्या जिवावर येते. केंद्राने दिलेल्या 'स्वतःची काळजी घ्या' या पत्रकात अशा वेळी करण्याच्या गोष्टी दिल्या आहेत. पहिली, जिवलग माणसाशी बोला. दुसरी, फेरफटका मारा. तिसरी, गरम पाण्याने निवांत अंघोळ करा. पत्रकात मुद्रणदोष एकही नाही, हे अर्जदार आनंदाने नमूद करते. ती आता कडी लावत नाही. लावायची तरी कुणासाठी?

५. पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता घरचा फोन वाजला. त्याआधी तो पाच महिने वाजलेला नव्हता, त्यामुळे आवाज कुठून येतो हे कळायला वेळ लागला. पलीकडून एका बाईंनी अदबीने विचारले, 'आपण त्यांच्या भगिनी का?' अर्जदार खरे सांगणारच होती. तोंडून निघाले ते 'हो, मीच' असे, आणि निघाले ते नानांच्या आवाजात.

नऊ वर्षांची सवय होती. एक वाचणारा, एक तपासणारा. बाई अर्जदाराविषयी विचारत राहिल्या आणि अर्जदाराची बहीण सांगत राहिली. 'जेवते का वेळेवर?' तर, 'जेवते, पण उभ्याउभ्याच, मी ओरडले की बसते.' 'झोप?' तर, 'आहे आपली.' शेवटी बाईंनी विचारले, 'मग एकंदरीत बऱ्या आहेत ना?' हा तोच खोडलेला प्रश्न होता. बहिणीने बेधडक सांगितले, 'बरी आहे.'

फोन ठेवल्यावर अर्जदाराला लाज वाटली. एका महिन्याने शुक्रवारी अकरा वाजता ती फोनपाशी खुर्ची ओढून बसली होती, हेही खरे आहे.

६. असे बावीस फोन झाले. अर्जदार आणि फोनवरच्या बाई यांची भेट कधी झालेली नाही, कारण बाईंचे कार्यालय दुसऱ्या इमारतीत आहे. बाईंची मान दुखते हे अर्जदाराला माहीत आहे. त्यांच्या खिडकीतले रोप दर उन्हाळ्यात वाळते आणि पुन्हा फुटते, हेही माहीत आहे. सात मिनिटांचा फोन दहा मिनिटांवर गेला, मग पंधरावर. बहीण अर्जदारापेक्षा बोलकी निघाली. ती फटकळ आहे, विनोद करते, डॉक्टरांना नावे ठेवते. 'आमचं येडं कुणाला काही सांगायचं नाही, आतल्या आत कुढत बसतं,' असे तिने एकदा सांगितले. अर्जदाराविषयी इतके आपुलकीने बोललेले अर्जदाराने फार दिवसांत ऐकले नव्हते. त्यावर बाई म्हणाल्या, 'त्यांना तुम्ही आहात हो, हेच केवढं आहे.' फोन ठेवल्यावर अर्जदाराने ते वाक्य दोन्ही आवाजांत म्हणून पाहिले.

नवव्या फोनला बहिणीने खरे सांगून टाकले. आदल्या दिवशी कडीचा किस्सा पाहुण्यांपुढे झाला होता आणि एकाने हसून टाळी वाजवली होती. 'काल घरी येऊन रडत होती,' असे बहीण म्हणाली. बाई हळहळल्या. त्यांच्यापुढच्या तक्त्यात तीन चौकोन असतात, हे त्यांनीच मागे सांगितले होते. 'बरी आहे', 'बरी नाही, पण आधार आहे' आणि 'बरी नाही, आधारही नाही'. त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. तिसऱ्यात करणे शक्यच नव्हते, कारण आधार स्वतः फोनवर बोलत होता.

त्या दिवशी अर्जदाराने दोन कप चहा टाकला. ही गोष्ट कार्यालयाच्या कामाची नाही, परंतु खोटे आता पुरे झाले. दुसरा कप गार झाल्यावर तिनेच प्यायला.

७. आपल्या दि. १८ च्या पत्रात लिहिले आहे, की दोन वर्षांत एकाही सहभागी व्यक्तीच्या नावापुढे तिसऱ्या चौकोनात खूण झालेली नाही. सबब नऊपैकी नऊ सहभागींना पुरेसा आधार असल्याचे सिद्ध झाले असून, तसा निष्कर्ष मार्गदर्शिकेत छापण्यात येईल आणि दूरध्वनी योजना या महिन्याच्या फोननंतर बंद होईल. सोबतच्या निमंत्रणात अर्जदाराच्या बहिणीची 'आदर्श आधार-व्यक्ती' म्हणून निवड झाल्याचे कळवले असून तिने समारोपाला उपस्थित राहून दोन मिनिटे बोलावे अशी विनंती आहे. खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेवली आहे.

महोदय, ज्याला आधार नाही त्याच्याविषयी त्याच्या आधाराला विचारले, तर तिसरा चौकोन भरणार कसा? हा दोष अर्जदाराच्या नजरेला पहिल्याच महिन्यात पडायला हवा होता. कदाचित पडलाही होता. पण तो दाखवला असता तर फोन बंद झाला असता. एकतीस वर्षांत चूक दिसूनही खूण न करण्याचा हा तिचा पहिलाच प्रसंग.

'नऊपैकी नऊ' हा आकडा गेल्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहभागींमधले एक निवृत्त बसचालक तेवढे चष्मा पुसत बसले होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो परत पुसला. बैठकीनंतर फाटकापाशी त्यांनी अर्जदाराला गाठले आणि विचारले, 'तुमची बहीण स्वभावानं कशी आहे हो?' अर्जदार म्हणाली, 'फटकळ आहे. पण मनानं चांगली.' त्यावर ते म्हणाले, 'माझा भाऊही तसाच. आवाज जरा घोगरा आहे त्याचा.' मग दोघेही रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांची बस आली आणि ते गेले.

अर्जदार कुणावर आरोप करीत नाही. त्यांच्या भावाला भेटण्याचा योग आला तर तिला आवडेल, इतकेच.

८. बहिणीच्या उत्तरांचे शुद्धिपत्र पुढीलप्रमाणे जोडून घ्यावे :

उत्तर क्र. १ : 'हो, मीच' हे शब्द वगळावेत. 'बरी आहे' हेही वगळावे.

क्र. ३ : 'जेवली, झोपली, मजेत आहे' याऐवजी 'जेवली' एवढेच वाचावे.

क्र. ५ ते ८ : 'बरी आहे' याऐवजी 'तुम्ही विचारलेत म्हणून बरे वाटले' असे वाचावे.

क्र. ९ : 'रडत होती, पण मी होते ना जवळ' यातील पहिले दोन शब्द कायम ठेवावेत. बाकीचे काढावेत.

क्र. १४ : 'ती फिरायला गेलीय' याऐवजी 'ती इथेच, फोनपाशी बसली आहे' असे वाचावे.

क्र. १७ : 'आम्ही दोघी असतो ना एकमेकींना' याऐवजी 'अर्जदार एकटी असते. तिला फार एकटे वाटते. बैठकीच्या दिवशी संध्याकाळी सर्वांत जास्त वाटते' असे वाचावे.

क्र. २२ : 'तिला काही कमी नाही.' या वाक्यावर अर्जदाराने तीन वेळा खूण केली आणि तिन्ही वेळा खोडली. योग्य शब्द सापडला नाही. जागा मोकळी ठेवली आहे.

उरलेली उत्तरे तपासली. ती बहुतांशी हवा, मान आणि खिडकीतले रोप यांविषयी असून बरोबर आहेत.

९. वरील कारणांस्तव नम्र विनंती करण्यात येते, की

(अ) अर्जदाराच्या बहिणीचे नाव आधार-व्यक्तीच्या रकान्यातून व समारोपाच्या पहिल्या रांगेतून कमी करावे. तिच्या वागणुकीविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही. ती होती तोवर तिने चांगले सांभाळले.

(आ) 'नऊपैकी नऊ' हा निष्कर्ष छापण्यापूर्वी उरलेल्या आठ जणांना थेट विचारावे. त्यांच्या आधार-व्यक्तींना नव्हे, त्यांनाच. आणि कृपा करून 'बरे आहात का?' असे विचारू नये. 'काल दिवसभरात कुणाशी बोललात?' असे विचारून पाहावे, आणि ते थांबले तर त्यांना थांबू द्यावे. छापून झाल्यावर चूक दुरुस्त करणे किती किचकट असते, हे अर्जदाराइतके कुणाला ठाऊक नसेल.

(इ) खोटी माहिती दिल्याबद्दल अर्जदाराचा सहभाग रद्द करणे नियमाला धरून होईल. तसे झाल्यास ती तक्रार करणार नाही, मात्र तिला फार वाईट वाटेल, हे ती आता लपवत नाही. सहभाग राहिल्यास कडीचा किस्सा यापुढे तिला सांगायला लावू नये. तो एकोणीस वेळा लिहून घेतलेला आहे. त्यातला कोणताही कागद वाचावा.

(ई) फोनवरच्या बाईंना या प्रकरणी दोष देऊ नये. त्यांनी तक्ता नियमाप्रमाणे भरला, आणि तक्त्यात नसलेलेही पुष्कळ विचारले. घडला प्रकार कार्यालयाने त्यांना कळवू नये. तो सांगणे अर्जदाराचे काम आहे.

(उ) योजना बंद करू नये. बंद करायचीच असेल तर निदान या महिन्याचा ठरलेला शेवटचा फोन करू द्यावा.

तो फोन शुक्रवारी दि. ६ रोजी सकाळी अकरा वाजता यायचा आहे. त्या दिवशी बहीण फोनवर येणार नाही, अर्जदार स्वतः येईल. बाईंना आवाज ओळखीचा वाटणार नाही आणि कदाचित त्या 'चुकीचा नंबर लागला' म्हणून ठेवून देतील, अशी भीती वाटते. म्हणून पहिले वाक्य काय बोलावे याचा सराव अर्जदार गेले चार दिवस स्वयंपाकघरात मोठ्याने करीत आहे. एकाच आवाजात ते अजून नीट जमत नाही, परंतु शुक्रवारपर्यंत जमेल.

कळावे,
चूक कबूल करून, आपली नम्र,

(सही. अक्षर वाकडे आले आहे ते बोटांमुळे.)
अर्जदार, रुग्ण-सहभागी

स्थळ : घरी, फोनशेजारी
दिनांक : २

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१. आपले दि. १८ चे पत्र. 'सिद्ध झाले' या शब्दांवर लाल खूण केली आहे.
२. बहिणीच्या नावाचे निमंत्रण, न वापरता परत.
३. 'स्वतःची काळजी घ्या' हे पत्रक. पहिल्या सूचनेसमोर प्रश्नचिन्ह केले आहे.
४. आधार-व्यक्ती नोंदणीचे नवे पत्रक. नावाचा रकाना कोरा आहे. कृपया परत पाठवू नये.